भूक गाठीची, उपास रुग्णाचा



घरात कोणाला कॅन्सरचे निदान झाले की पहिली कुऱ्हाड साखरेच्या डब्यावर पडते. चहा बिनसाखरेचा होतो. मग भात जातो, केळी-चिकू जातात, पोळ्या दोनावरून एकावर येतात आणि दूधही ‘गाठ वाढवते’ म्हणून बंद होते. हे सारे प्रेमापोटी चालते. त्याच्यामागे अडाणीपणा आहे असे म्हणणेही अन्यायाचे होईल, कारण मुळाशी एक खरे वैज्ञानिक निरीक्षण आहे: कॅन्सरच्या पेशी साखर फार खातात. हे निरीक्षण शंभर वर्षे जुने आणि पक्के आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला आहे, आणि तो कुठे चुकला हे समजले की कॅन्सरवरचे कोणते उपचार लागू पडतात आणि कोणते फसतात याचेही बरेचसे उत्तर हाती येते. आज मला एकच म्हणणे मांडायचे आहे. कॅन्सरची पेशी आपले चयापचय बदलते ते वाढीच्या सोयीसाठी. म्हणून तिला सरसकट उपाशी मारण्याचे प्रयत्न फसत आले, आणि तिची एखादी नेमकी अडचण हेरून तिथेच घाव घालणारे उपाय यशस्वी झाले.

सुरुवात बर्लिनपासून करू. तिथल्या डाह्लेम उपनगरात कैसर विल्हेल्म संस्थेत ओटो वॉरबुर्ग १९२० च्या दशकात पेशींचा श्वास मोजत होते. त्यांची मोजण्याची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. उंदराच्या अंगावर वाढवलेल्या गाठीची एक चकती कापायची, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ, कारण चकती जाड असली तर आतल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. ती काचेच्या छोट्या कुपीत क्षारांच्या द्रावणात ठेवायची आणि कुपी कोमट पाण्यात सतत हलती ठेवायची. कुपीला बाकदार नळी जोडलेली, नळीत रंगीत द्रव. पेशींनी ऑक्सिजन ओढला की कुपीतला दाब उतरतो आणि नळीतला द्रव एका बाजूला सरकतो. पेशींनी लॅक्टिक आम्ल सोडले की द्रावणातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, दाब चढतो आणि द्रव दुसऱ्या बाजूला जातो. काही मिलिमीटरांच्या या हालचालीवर पुढच्या शतकाचे संशोधन उभे राहिले.

निरोगी पेशीत काय घडते ते आधी थोडक्यात सांगतो. ग्लुकोजचा रेणू पेशीत शिरला की प्रथम त्याचे दोन तुकडे होतात. या पायरीला ऑक्सिजन लागत नाही, आणि तिच्यातून पेशीला एटीपीचे, म्हणजे तिच्या ऊर्जेच्या चलनाचे, दोन रेणू मिळतात. ते तुकडे मग तंतुकणिकेत जातात. आपण तिला मायटोकॉन्ड्रिया म्हणूनही ओळखतो. तिथे ऑक्सिजनच्या मदतीने त्यांचे पुरते ज्वलन होते आणि एटीपीचे आणखी सुमारे तीस रेणू हाती पडतात. जोरात धावताना स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, तेव्हा दुसरी पायरी मागे पडते आणि तुकड्यांचे लॅक्टिक आम्ल होऊन बाहेर पडते. वॉरबुर्ग यांना दिसले ते वेगळेच होते. भरपूर ऑक्सिजन देऊनही गाठीची चकती साखरेचे लॅक्टिक आम्लच करत राहिली. तिसाची मिळकत समोर असताना दोनावर समाधान मानणारी पेशी! १९२५ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने हीच गोष्ट जिवंत प्राण्यात दाखवली. कोंबडीच्या एका पंखावर सार्कोमाची गाठ होती, दुसरा पंख निरोगी होता. दोन्ही पंखांतून परतणाऱ्या रक्ताची त्यांनी तुलना केली. गाठीच्या बाजूच्या रक्तात दर १०० घन सेंटिमीटरमागे ग्लुकोज २३ मिलिग्रॅमने कमी आणि लॅक्टिक आम्ल १६ मिलिग्रॅमने जास्त निघाले.

इथवर सारे खरे आहे. गफलत पुढे झाली. वॉरबुर्ग यांनी असा अर्थ लावला की या पेशींच्या श्वसनयंत्रणेला कायमची इजा झालेली असते, भट्टी बिघडल्यामुळे त्या नाइलाजाने साखर आंबवून जगतात, आणि हा बिघाड हेच कॅन्सरचे मूळ. १९५६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी हे मत ठासून मांडले आणि १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यावर ठाम राहिले. नोबेल विजेत्याचा शब्द म्हणून तो आजही पुढे केला जातो. त्यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते श्वसनाच्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, शोधाबद्दल, कॅन्सरच्या या उपपत्तीबद्दल नव्हे, एवढे इथे लक्षात ठेवावे. आणि या उपपत्तीला पहिला तडा त्यांच्याच प्रयोगशाळेत गेला होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्येच नोंदवले होते की ऊर्जेचा तुटवडा करून गाठीच्या पेशी मारायच्या तर आंबवण्याची वाट आणि श्वसनाची वाट, दोन्ही बंद कराव्या लागतात. श्वसन खरोखर मोडलेले असते तर एकच वाट बंद करून काम भागले असते. १९२९ मध्ये हर्बर्ट क्रॅबट्री यांनी दाखवले की वेगवेगळ्या गाठींमध्ये श्वसनाचे प्रमाण वेगवेगळे असते आणि ते सरसकट घटलेले नसते. १९५६ मध्ये वॉरबुर्ग यांच्या लेखाला त्याच नियतकालिकात सिडनी वाइनहाउस यांनी उत्तर दिले की गाठीच्या पेशी साखर आणि चरबी दोन्ही व्यवस्थित जाळतात. अलीकडचा पुरावा तर फारच बोलका आहे. २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी तंतुकणिकेचा डीएनए काढून टाकलेल्या कॅन्सर-पेशी उंदरांना टोचल्या. त्या लवकर वाढेनात. ज्यांच्या गाठी अखेर झाल्या, त्यांनी उंदराच्या निरोगी पेशींकडून तंतुकणिकेचा डीएनए मिळवलेला आढळला. ज्या यंत्राची गरज नाही ते कोणी उसने आणत नाही.

मग भट्टी शाबूत असताना ही उधळपट्टी कशासाठी? घर बांधायला काढलेला माणूस आणलेले सगळे लाकूड चुलीत घालत नाही. त्याला तुळया, वासे, चौकटी करायच्या असतात. पेशीला एकाची दोन व्हायचे तर आपल्या आत जे आहे ते सारे दुप्पट करावे लागते: आवरणासाठी चरबी, डीएनएसाठी न्यूक्लिओटाइड, प्रथिनांसाठी अमिनो आम्ले. साखर पुरती जाळली तर तिचा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो आणि बांधकामाला काही उरत नाही. अर्धवट तोडली तर वाटेतले तुकडे कामी लावता येतात. मॅथ्यू व्हँडर हायडेन, लुइस कँटली आणि क्रेग थॉम्पसन यांनी २००९ मध्ये ही मांडणी स्पष्ट शब्दांत केली. तिला बळ मिळते ते अशा पेशींकडून ज्या कॅन्सरच्या नाहीतच. जंतूंशी लढायला सज्ज झालेल्या आपल्या टी-पेशी झपाट्याने वाढायला लागतात तेव्हा त्याही ऑक्सिजन असताना साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. म्हणजे वॉरबुर्ग यांना दिसलेले लक्षण रोगाचे म्हणण्यापेक्षा वेगाने वाढण्याचे लक्षण आहे.

चौकस श्रोता इथे अडवील, आणि अडवावेच. लॅक्टिक आम्ल हाही कार्बनच आहे. बांधकामासाठी कार्बन वाचवायचा असेल तर पेशी तीन-तीन कार्बनांचे रेणू बाहेर का फेकते? हा आक्षेप वजनदार आहे, आणि नुसत्या तुळया-वाशांच्या उपमेने तो सुटत नाही. मोजमाप केल्यावर असेही दिसले की वाढत्या पेशीच्या वस्तुमानातला बहुतांश कार्बन ग्लुकोजमधून येतच नाही, तो अमिनो आम्लांतून येतो. उत्तराचा धागा दुसरीकडे आहे. पेशीतल्या कितीतरी बांधकामांत इलेक्ट्रॉन उचलून नेणारा एक हमाल लागतो, त्याचे नाव एनएडी. हमालाची पाटी भरली की ती कुठेतरी रिकामी व्हावी लागते. तंतुकणिका हे काम करते, पण तिची गती एटीपीच्या खपाशी बांधलेली असते. पेशीला एटीपी पुरेसे आहे आणि रिकामे हमाल मात्र जास्त हवे आहेत, अशी वेळ आली की लॅक्टिक आम्ल करून ते झटपट मोकळे करता येतात. २०२१ मध्ये व्हँडर हायडेन यांच्याच गटाने ही गोष्ट प्रयोगाने दाखवली. म्हणजे जे आम्ल आपल्याला उधळपट्टी वाटत होते ते काम अडू नये म्हणून चुकवलेले भाडे आहे. मूळ म्हणणे यामुळे ढळत नाही, नेमके होते. सगळी व्यवस्था बांधकामाला जुंपलेली आहे, ऊर्जेच्या टंचाईने हतबल झालेली नाही.

यावर सर्वांत नेहमीचा आक्षेप पेट स्कॅनचा असतो. ‘गाठ साखर खाते हे डोळ्यांनी दिसते की!’ दिसते, यात शंका नाही. रुग्णाला काही तास उपाशी ठेवतात, बोट टोचून रक्तातली साखर तपासतात आणि शिरेतून किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज देतात. मग मंद उजेडाच्या खोलीत तासभर स्वस्थ बसायला सांगतात. बोलूही नका म्हणतात, कारण बोलले तर घशाचे स्नायू साखर घेतील आणि चित्रात उजळतील. हे ग्लुकोज पेशीत शिरते, पहिल्या विकराच्या हातून त्याला फॉस्फेट चिकटते आणि पुढे त्याचे काही होऊ शकत नाही म्हणून ते तिथेच अडकते. जिथे जास्त अडकले ती जागा पडद्यावर चमकते. माणसाला हे ग्लुकोज पहिल्यांदा १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनियात दिले गेले. या फ्लोरिनची किरणोत्सारिता ११० मिनिटांत निम्मी होते, त्यामुळे ते तयार करणारा सायक्लोट्रॉन जवळपास असावा लागतो. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. पण त्याच चित्रात मेंदूही लखलखीत दिसतो, पुष्कळदा हृदयही. क्षयरोगाची गाठ तर इतकी चमकते की आपल्या देशात पेट स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना ती शंका सतत मनात बाळगावी लागते. शिवाय सगळे कॅन्सर सारखे उजळत नाहीत, प्रोस्टेटचे कित्येक फिके राहतात. स्कॅन इतकेच सांगतो की कुठे साखर जास्त ओढली जाते आहे. साखर तोडली तर ती जागा मरेल, हे त्यात कुठेही लिहिलेले नसते.

माणसांच्या शरीरातल्या गाठी प्रत्यक्ष काय खातात याचा शोध गेल्या काही वर्षांत घेतला गेला, आणि त्याने चित्र आणखी बदलले. डॅलसमध्ये राल्फ डीबेरार्डिनिस यांच्या गटाने फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी खूण केलेला कार्बन असलेले ग्लुकोज शिरेतून दिले आणि काढलेल्या गाठीत तो कार्बन कुठे गेला ते तपासले. २०१६ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते की या गाठी ग्लुकोज तंतुकणिकेतही जाळत होत्या, एकाच गाठीचे वेगवेगळे भाग वेगळे वागत होते, आणि काही गाठी रक्तातले लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचेच रूप, तेसुद्धा इंधन म्हणून वापरत होत्या. जी पेशी लॅक्टेट बाहेर टाकते म्हणून प्रसिद्ध, तिची बहीण तेच पिऊन जगते. २०२१ मध्ये उंदरांच्या गाठींतल्या पेशी वेगळ्या करून मोजल्या तेव्हा प्रत्येक पेशीमागे सर्वांत जास्त ग्लुकोज ओढणाऱ्या पेशी कॅन्सरच्या नव्हत्याच. त्या गाठीत शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशी होत्या, आणि कॅन्सरच्या पेशी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल जास्त घेत होत्या. म्हणजे गाठीभोवतीची साखर तोडण्यात यश आले असते, तरी त्या घासातला मोठा वाटा आपल्याच सैनिकांच्या तोंडचा गेला असता.

आता उपासमारीच्या औषधांकडे वळू. २००७ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून बातमी आली की डायक्लोरोॲसिटेट नावाचे साधे, स्वस्त रसायन तंतुकणिकेचे दार उघडते, साखर पुन्हा नीट जळू लागते आणि उंदरांमधल्या गाठी आकसतात. रुग्णांनी ते इंटरनेटवरून मागवून घ्यायला सुरुवात केली. पुढच्या छोट्या चाचण्यांतून रुग्णांच्या उपचारात भरवसा ठेवावा असे काही निघाले नाही. ग्लुकोज तोडण्याची पहिलीच पायरी रोखणारे ३-ब्रोमोपायरुवेट प्राण्यांत प्रभावी ठरले होते. २०१६ मध्ये जर्मनीतल्या एका पर्यायी उपचार केंद्रात ते घेतलेले तीन रुग्ण दगावले आणि उपचार करणाऱ्यावर खटला चालला. तंतुकणिकेच्या श्वसनसाखळीची पहिलीच कडी बंद करणाऱ्या आयएसीएस-०१०७५९ या औषधाची पहिली मानवी चाचणी थांबवावी लागली. रक्तात लॅक्टिक आम्ल चढले आणि नसांना इजा झाली, तेही गाठीवर पुरेसा परिणाम होईल एवढी मात्रा देता येण्याआधी. ग्लुटामिनची वाट अडवणारे टेलाग्लेनास्टॅट मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत अपयशी ठरले. या साऱ्यांचे कारण एकच आहे. ऊर्जेची ही मुख्य वाहिनी मेंदूचीही आहे, हृदयाचीही, नसांचीही. ती तोडली तर आधी घर अंधारात जाते. गाठ दुसऱ्या तारेवर आकडा टाकून मोकळी होते.

मेटफॉर्मिनचे प्रकरण मी मुद्दाम वेगळे सांगतो, कारण त्यात एका नेहमीच्या आरोपाचे उत्तर आहे. स्वस्त औषधांत पैसा नाही म्हणून कोणी त्यांच्याकडे बघत नाही, असा हा आरोप. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींना कॅन्सर कमी होतो असे २००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या नोंदींवरून सुचवले गेले. औषध जुने, पेटंट नसलेले, गोळी काही रुपयांची. तरीही मधुमेह नसलेल्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या ३,६४९ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना मेटफॉर्मिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. २०२२ मध्ये निकाल आला. रोग न उलटता जगण्याच्या काळात दोन गटांत फरक नव्हता. निकाल निराशेचा होता, पण प्रश्न प्रामाणिकपणे विचारला गेला होता. आणि स्वस्त औषध कामाचे असेल तर तेही चाचणीतूनच कळते. टाटा मेमोरिअलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेनचे, म्हणजे जागा बधिर करण्याच्या साध्या औषधाचे, इंजेक्शन देऊन पाहिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षांनी जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलेले दिसले. तेव्हा स्वस्तपणा हा औषधाच्या बाजूचा पुरावा नाही आणि विरुद्धचाही नाही.

आहाराचा आक्षेप यापेक्षा अवघड आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. लठ्ठपणा आणि मधुमेह यांच्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराचा, मोठ्या आतड्याचा, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा असे काही कॅन्सर वाढतात. मी ते नाकारत नाही, आणि निरोगी माणसाने गोड कमी खावे यालाही माझा पाठिंबाच आहे. पण रोग होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे वजन आटोक्यात ठेवणे वेगळे, आणि रोग झाल्यावर महिनाभर भात बंद करून गाठ मारू पाहणे वेगळे. ताटातली साखर आणि रक्तातली साखर एक नाही. तुम्ही काही खाल्ले नाही तरी यकृत रक्तातले ग्लुकोज ठरावीक पातळीच्या खाली जाऊ देत नाही. साठा संपला की स्नायूंतली प्रथिने मोडतात आणि त्यांतून ते ग्लुकोज बनवते. गाठीला तिचा घास मिळतो, तो रुग्णाच्या दंडा-मांड्यांमधून. शिवाय गाठीने टाकलेल्या लॅक्टेटचे यकृत पुन्हा ग्लुकोज करते, त्यासाठी एटीपी स्वतःच्या खिशातून खर्च करते आणि ते ग्लुकोज गाठीकडे परत जाऊ शकते. आजारात अंग झडते त्याचा थोडा हिशेब इथेही लागतो. हे चक्र कोरी दांपत्याच्याच नावाने ओळखले जाते.

कीटो, म्हणजे कर्बोदके अगदी कमी केलेल्या, आहाराचे समर्थक उंदरांवरचे प्रयोग दाखवतात. त्यांतला सर्वांत चांगला प्रयोग २०१८ चा, कँटली यांच्या गटाचा. पीआय३के नावाचा संदेशमार्ग रोखणारी औषधे दिली की रक्तातली साखर चढते, त्यामुळे इन्सुलिन चढते, आणि हेच इन्सुलिन गाठीतला बंद केलेला मार्ग पुन्हा जागा करते. औषधाच्या जोडीला कर्बोदके अगदी कमी केली तेव्हा इन्सुलिन दबले आणि औषधाचा गुण वाढला. पण त्याच प्रयोगमालेत औषधाविना नुसता कीटो आहार दिलेल्या, रक्ताचा कॅन्सर असलेल्या उंदरांमध्ये रोग आणखी वेगाने वाढला. एक विशिष्ट औषध, त्याचा एक विशिष्ट दुष्परिणाम आणि त्यावरचा आहार, एवढी नेमकी गोष्ट ‘साखर बंद करा’ या तीन शब्दांत मावत नाही.

मग चयापचयावरचे उपचार फोलच का? मुळीच नाही. कॅन्सरवरच्या औषधोपचारांतल्या सर्वांत जुन्या आणि भक्कम यशांपैकी एक चयापचयावर घाव घालूनच मिळाले आहे, आणि त्या कथेचा एक धागा मुंबईतून जातो. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला परळच्या हाफकिन संस्थेत आली. यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो असे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलिक आम्ल. पुढे अमेरिकेत आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या प्रयोगशाळेने ते कृत्रिमरीत्या बनवले. बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फोलिक आम्लाच्या जातीची संयुगे दिली तेव्हा रोग आवरण्याऐवजी चेतल्यासारखा दिसला. फार्बर यांनी त्यावरून उलटा विचार केला: जे दिल्याने रोग वाढतो ते हिरावून घेतले तर? सुब्बराव यांच्या गटानेच फोलिक आम्लाची नक्कल करून विकराला फसवणारे ॲमिनोप्टेरिन तयार केले. १९४८ मध्ये फार्बर यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींत १६ पैकी १० मुलांचा रोग काही काळापुरता हटला होता. त्याआधी या आजारात असे क्वचितच घडे. गिरणी कामगार बाईच्या शरीराला रक्त बनवायला जे कमी पडत होते, त्याचीच कोंडी ल्युकेमियाच्या पेशीला अडवत होती. दोन्हीकडे प्रश्न बांधकामाचाच होता. फोलेटशिवाय डीएनएचा एक घटक तयार होत नाही.

त्याच आजारातले दुसरे औषध माझ्या म्हणण्याला आणखी जवळून आधार देते. १९५३ मध्ये जॉन किड यांना दिसले की गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांतल्या लसिका-पेशींच्या गाठी विरघळतात. १९६१ मध्ये जे. डी. ब्रूम यांनी त्यामागचे विकर ओळखले, ॲस्पॅराजिनेज. ते रक्तातले ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल मोडून टाकते. निरोगी पेशी ते स्वतः बनवू शकतात, तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या बहुतेक पेशींना ते पुरेसे बनवता येत नाही. रक्तातला साठा संपला की त्या अडकतात, बाकीचे शरीर काम चालू ठेवते. हेही उपाशी मारणेच आहे, पण अशा पदार्थावाचून जो गाठीला बाहेरूनच घ्यावा लागतो आणि शरीराला घरात करता येतो. साखरेच्या बाबतीत हा फरक नाही, सगळा मुद्दा इथे आहे. ॲमिनोप्टेरिनच्या जातीचे औषध, ॲस्पॅराजिनेज आणि त्यांच्या जोडीची इतर मिळून साधनसंपन्न देशांत या आजाराची दहापैकी आठाहून जास्त मुले आज बरी होतात.

शेवटचा आक्षेप शास्त्रज्ञांमधला आहे. चयापचयातला बदल हा कॅन्सरचा परिणाम असेल, कारण नव्हे, मग त्याच्यामागे कशाला लागायचे? बहुतेक गाठींबाबत हे बरोबर आहे. जनुकांतले उत्परिवर्तन आधी येते, चयापचय त्याच्या हुकमाने बदलते. पण अपवादही आहेत. २००८ मध्ये मेंदूच्या गाठींच्या जनुकांचा क्रम वाचताना आयडीएच१ या चयापचयाच्या विकरात एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा उत्परिवर्तन सापडले. पुढच्याच वर्षी कळले की बिघडलेले विकर २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा एक भलताच पदार्थ बनवू लागते. तो साचला की डीएनएवरच्या खुणा पुसणारी विकरे अडतात, आणि पेशीने मोठे होऊन आपल्या कामाला लागायचे असते ती कायमची कोवळी, वाढत राहणारी होऊन बसते. इथे चयापचय हेच कारण आहे, आणि म्हणूनच औषध लागू पडते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये याच घराण्यातल्या बिघडलेल्या विकरांना रोखणारी दोन औषधे अमेरिकेत २०१७ आणि २०१८ मध्ये मान्य झाली. मेंदूच्या संथ वाढणाऱ्या गाठींसाठी वोरासिडेनिब २०२४ मध्ये आले. त्याच्या चाचणीत रोग न वाढता गेलेला काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर पोचला. हे औषध पेशीची साखर तोडत नाही, ऊर्जेलाही हात लावत नाही. एका बिघडलेल्या विकराचे एक चुकीचे काम थांबवते, आणि ज्याच्या गाठीत तो बिघाड नाही त्याला त्याचा उपयोग नाही.

म्हणून गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी, रेणूंची मोजदाद, हेच या क्षेत्राचे पुढचे काम आहे असे मला वाटते. ते खर्चिक आहे आणि आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर अजून सहज मिळत नाही. ही खंत मी लपवत नाही.

जमलेल्यांपैकी ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांना शेवटी एवढी विनंती आहे. मधुमेह असेल तर साखर डॉक्टर सांगतील तशी आटोक्यात ठेवा. त्याखेरीज कोणताही पदार्थ बंद करण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना आणि रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना विचारा. रुग्णाचे वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा, तारखेसह वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला जाताना ती वही बरोबर घेऊन जा.